बारीक होत गेलेलं अक्षर

जे. पी. नगर, बेंगळुरू
२२ जून

ती. अक्का,

नमस्कार. तू खुशाल असशील, आणि गुडघ्याचं तेल कपाटात न ठेवता गुडघ्याला लावत असशील असं धरून चालते. आम्ही दोघं ठीक. समोरचा रस्ता पुन्हा खणून ठेवलाय, त्यामुळे पाण्याचा टँकर आत येत नाही आणि हे रोज सकाळी गॅलरीत उभे राहून त्याला हातवारे करतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून यांना असं काहीतरी लागतंच.

पत्र टाइप केलेलं बघून दचकू नकोस. यांनी प्रिंटर घेतलाय आणि त्याला काम पुरवायला हवं. शिवाय तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर छापील अक्षर तुला सोपं पडेल. शिवाय शाळा सुरू झाल्यापासून वेळ असा मिळतच नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही. योगीराजच्या मोबाइलवर निरोप टाकावा तर तो आधी स्वतः वाचतो आणि मग तुला ओरडून सांगतो. भावोजींच्या मागे त्यानं, सावत्र मुलगा असून, तुला सख्ख्या आईसारखं सांभाळलंय, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण आपल्या दोघींचं बोलणं अख्ख्या बेळगावानं ऐकायला नको. म्हणून पत्रच बरं.

शाळेत यंदा एक वेगळंच सुरू झालंय. तिसरी-चौथीच्या पालकांनी सह्या गोळा करून प्रिन्सिपल मॅडमना अर्ज दिला, की इंग्रजीचं कर्सिव्ह रायटिंग बंद करा. पुढे सगळं कीबोर्डवरच करायचं आहे, परीक्षेत सुटी अक्षरं चालतात, मग मुलांना चार रेघांच्या वहीत का राबवता, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्टमध्ये पालकसभा आहे, तिथे ठरायचंय. शाळेत कर्सिव्ह म्हणजे क्षमा मिस, हे तुला माहीत आहे. मॅडमनी मला बोलावून सांगितलं, “तुम्हीच बोला. तुमच्याइतकं कुणी पटवून देणार नाही.” मी इथल्यासारखं ‘सरी’, म्हणजे बरं, म्हटलं आणि बाहेर आले.

अर्जामागे मुख्य आहे ती स्मिता नावाची एक आई. पुण्याहून नवऱ्याबरोबर इथे आली, दोघंही कुठल्याशा कंपनीत संगणकावर काम करतात. त्यांची मुलगी संहिता माझ्या वर्गात आहे. चौथी. वर्गात मराठी बोलणारी ती एकटीच, म्हणून येता-जाता हळूच माझ्याशी मराठीत बोलते. डोकं तल्लख आहे. कविता एकदा ऐकली की पाठ. पण कर्सिव्ह म्हटलं की तिचा हात लाकडाचा होतो. ‘b’ उलटा निघतो, ‘r’ आणि ‘s’ एकमेकांत अडकतात, आणि ती खोडत बसते, कागद फाटेपर्यंत. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत तिला बसवून एक पान पुन्हा लिहून घेतलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मध्येच उठून गॅस बंद आहे का बघून आले. बंद होता. हल्ली असंच होतं, बसलं की उठावंसं वाटतं.

सही मात्र हातानंच करते, नाहीतर तू म्हणशील माझी बहीण कंपनी झाली.

तुझी,
क्षमा



जे. पी. नगर, बेंगळुरू
२० जुलै

ती. अक्का,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. पावसानं तुमच्याकडे अंगण शेवाळलंय म्हणतेस, तर त्या मागच्या दारानं जाऊ नकोस. योगीराजला सांग फरशीवर चुना टाकायला.

तू लिहिलंस, टाइप करायला एक कारण पुरलं असतं, तू तीन दिलीस. आणि पुढे, “सही इतकी बारीक का? भिंग घ्यावं लागलं.” अक्का, पेन खराब होतं. टोक बारीक होतं. आणि मनगट थोडं आखडलंय, इतकी वर्षं फळ्यावर लिहून आखडायचंच. परवागिल्ल, काही बिघडत नाही, तेवढंच आहे. यावर आता प्रश्न नको.

शाळेची बातमी सांगते.

त्या संहिताची आई मला फाटकापाशी भेटली. मी ऑटो शोधत होते, ती मुलीला न्यायला लवकर आली होती. तिनंच हाक मारली.

“मॅम, ॲक्च्युअली मला तुमच्याशी भांडायचं नाहीये,” ती म्हणाली. “पण हिचं पोट बुधवारी आणि शुक्रवारीच दुखतं. मी डॉक्टरकडे नेलं. मग एक दिवस सहज टाइमटेबल बघितलं. बुधवारी आणि शुक्रवारी तुमचा कर्सिव्हचा तास असतो.”

मी म्हटलं, “सवयीनं जाईल. सुरुवातीला सगळ्यांना जड जातं.”

“सुटं अक्षर तिचं छान आहे. कुणालाही वाचता येतं. मग जोडायचंच कशाला?”

“हात सलग चालला की विचार सलग चालतो. थांबून थांबून लिहिणारं मूल थांबून थांबून विचार करतं.”

“असं कुणी सिद्ध केलंय का मॅम?”

“मी पाहिलंय. इतकी वर्षं पाहतेय.”

“तुम्ही ज्यांना जमलं त्यांना पाहिलंय,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “ज्यांना नाही जमलं त्या मुलांचं पुढे काय झालं, ते तुम्हाला कसं कळणार?”

तेवढ्यात माझा ऑटो आला आणि मी बसले. मीटरवर चल म्हणायचंही राहून गेलं. घरी येईपर्यंत तिला द्यायची उत्तरं सुचत होती. सभेत ती सगळी सांगायची असं ठरवून कागदावर मुद्दे काढायला बसले, आणि दोन ओळींत कागद बाजूला ठेवला. मुद्दे नव्हते असं नाही.

दुसरी गोष्ट शुक्रवारची. फळ्यावर मी नेहमीसारखं एक लांब वाक्य लिहिलं, मुलांनी उतरवायचं म्हणून. मागे वळले तर सगळी मान खाली घालून लिहितायत आणि संहिता फळ्याकडे बघत बसलेली. मी जवळ गेले. म्हटलं, काय झालं, दिसत नाही का?

तिनं हळूच मराठीत विचारलं, “मिस, तुमची अक्षरं शेवटी शेवटी लांब जातात का?”

मला कळेना. ती म्हणाली, “म्हणजे पहिली मोठी आहेत. मग ती जातात. रस्त्यानं माणसं लांब जातात तशी.”

मी फळ्याकडे पाहिलं, अक्का. पहिला शब्द हातभर. शेवटचा मुंग्यांसारखा. ओळ उजवीकडे चढत गेलेली. मला लिहिताना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मी डस्टर घेतलं आणि सगळं पुसून टाकलं, अजून मुलांचं उतरवून झालं नव्हतं तरी.

यांनी आग्रह केला म्हणून मनगटासाठी डॉक्टरकडे जाऊन आले. विचित्र माणूस. मनगटाकडे बघितलंसुद्धा नाही. एक वाक्य लिहून घेतलं. गोगलगाईसारखं वेटोळं काढायला लावलं. अंगठ्यावर बोट आपटत राहा म्हणाला, मग खोलीतल्या खोलीत चालायला लावलं आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिला. चालताना तो हात हलत नाही म्हणे. आणखी काही तपासण्या सांगितल्यात. या वयात डॉक्टर तपासण्या सांगतातच.

अप्पांचं सुरुवातीला काय झालं होतं, तुला आठवतं का? मी तेव्हा लहान होते, मला फक्त कोटाच्या खिशात घातलेला त्यांचा हात आठवतो. उन्हाळ्यातही कोट. सहज विचारते आहे. नाही लिहिलंस तरी चालेल.

खरं तर नकोच लिहूस.

तुझी,
क्षमा



जे. पी. नगर, बेंगळुरू
१७ ऑगस्ट

ती. अक्का,

नमस्कार. पाकीट जाड बघून घाबरू नकोस. आत फार काही नाही, अक्षर मोठं आहे. चार रेघांच्या वहीची पानं आहेत, आणि एका पानावर मोजक्याच ओळी बसतात. हे मी हातानं लिहिते आहे. उठत बसत, दोन दिवस.

अप्पांना होता तोच. कंपवात.

लिहिलं एकदाचं. आता बाकीचं लिहिता येईल.

माझा हात थरथरत नाही, म्हणून मी स्वतःची समजूत घालत राहिले की हे ते नाही. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचा थरथरतोच असं नाही. कुणाचं अक्षर आधी जातं. मेंदू हाताला सांगतो, हात ऐकतो, पण प्रत्येक वेळी थोडं कमी ऐकतो. घराण्यातून येतोच असंही नाही म्हणाले. गोळ्या सुरू झाल्यात. पुष्कळ वर्षं नीट जाऊ शकतात म्हणाले. हे शेजारी बसले होते, त्यांनी ‘पुष्कळ म्हणजे किती’ विचारलं आणि डॉक्टरांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तुला का सांगितलं नाही, ते तू ओळखलं असशील. तू वीस वर्षांची होतीस, कॉलेजात पहिली आली होतीस, आणि अप्पांनी खिशातून हात बाहेर काढला त्या दिवसापासून तुझं कॉलेज संपलं. त्यांना भरवणं, त्यांची दाढी करणं, त्यांच्या नावानं ऑफिसला पत्रं लिहिणं. मी शाळेतून यायचे तेव्हा तू त्यांना धरून अंगणात चालवत असायचीस. मला वेणी घालायचीस ती त्यानंतर. तुझं लग्न झालं तेव्हा तू चाळिशीला आली होतीस. तुझ्या आयुष्यात हे दुखणं एकदा येऊन गेलंय. ते पुन्हा, या वेळी माझ्या नावानं, तुझ्या दारात पाठवायचं माझ्या मनात येईना. म्हणून प्रिंटर.

आणि तरी तुझ्या आधी परक्या माणसांना सांगून बसले. ते ऐक आता.

शनिवारी पालकसभा होती. सकाळी साडी नेसले आणि ब्लाउजची हुकं लागेनात. बोटं हुकापर्यंत जातात आणि तिथे गप्प बसतात. शेवटी यांना हाक मारली. हे चष्मा लावून आले. यांची बोटं केवढी जाड आहेत ते तुला माहीत आहे. एक हुक लावलं की दुसरं सुटायचं. हे म्हणाले, “बँकेचं लॉकर यापेक्षा सोपं.” आम्ही दोघं हसलो. मग एक हुक चुकीच्या घरात गेलं, आणि ते काढायचं सोडून हे चष्मा पुसत बसले. शेवटी वरून पदर घेतला आणि तशीच निघाले.

सभेला उशिरा पोचले. स्मिताचं बोलणं चाललं होतं. तिनं संहिताचं नाव घेतलं नाही, पण बुधवार-शुक्रवारचं सांगितलं. आणखी एक-दोघांनी आपापल्या घरचं सांगितलं. एक आजोबा उठून म्हणाले, आमच्या वेळी असं नव्हतं, अक्षरावरून माणूस कळायचा. लोकांनी माना डोलावल्या. मग मॅडमनी माझं नाव घेतलं.

अक्का, ‘अक्षरावरून माणूस कळतो’ हे वाक्य मी वर्गात जूनच्या पहिल्या दिवशी सांगते. दर वर्षी. नीट अक्षर म्हणजे नीट मन. तेच घेऊन मी उठले होते. आणि त्या आजोबांच्या तोंडून ते ऐकताना मला एकदम वाटलं, मग आता माझ्या अक्षरावरून काय कळतंय? मी आळशी झाले? माझं मन बारीक झालं? माझ्या डोक्यात कुठल्याशा पेशी कमी पडतायत, इतकंच झालंय. आणि संहिताच्या डोक्यात काय कमी-जास्त आहे ते मी कधी विचारलं?

मी मार्कर घेतला आणि फळ्यावर एक वाक्य लिहिलं, त्यांच्याकडे पाठ करून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुसलं नाही. बाजूला झाले.

मागून कुणीतरी मोबाइल उचलला होता तो खाली ठेवला.

मी म्हटलं, “मी कर्सिव्ह शिकवते. हे माझं अक्षर आहे. मला आजार आहे, त्याचं नाव कळून थोडे दिवस झाले. तो सगळ्यांत आधी एका चौथीतल्या मुलीला दिसला. जोडून लिहायला शिकवू नका असं मी म्हणणार नाही. ज्याला जमतं त्याला त्यात सुख आहे, पेन कागदावरून उचलावंच लागत नाही, हे मला माहीत आहे. ते मुलांना मिळायला हवं. पण त्याला गुण नकोत. हात ऐकत नाही म्हणून कुणाचे गुण कापू नका आणि कुणाला मधल्या सुट्टीत बसवू नका. मी बसवलंय. ज्याला सुटं लिहायचं त्याला सुटं लिहू द्या.”

याहून जास्त बोलले नाही. बसताना खुर्ची कुठे आहे ते दिसेना, स्मितानंच ओढून दिली.

मॅडमनी तिथेच निर्णय दिला. कर्सिव्हचा तास राहील, परीक्षा नाही, आणि चौथीपासून ज्याची इच्छा असेल त्यानं लिहावं. पुष्कळांना पटलं, त्या आजोबांना नाही.

सोमवारी संहिताला सांगितलं. तिनं विचारलं, “मग मी नाही जोडून लिहिलं तर चालेल?” मी म्हटलं चालेल. “कधीच नाही लिहिलं तर?” तरी चालेल. तिनं वही मिटली, डबा घेतला आणि पळाली, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आता मधल्या सुट्टीत मैदानावर असते. मला वाटलं होतं, सक्ती गेली की ती आपणहून येईल. नाही आली. बरंच झालं म्हणायचं, पण दोन दिवस मला लागून राहिलं होतं.

आता या पानांचं. डॉक्टरांनी मला व्यायाम शिकवणाऱ्या एका मुलीकडे पाठवलं, कस्तुरी नाव तिचं. तिनं पहिल्या दिवशी माझ्यासमोर काय ठेवावं? चार रेघांची वही. “मॅडम, मोठं लिहा. तुम्हाला वाटतं त्याहून मोठं. वरच्या रेघेला टेकवा.” हे वाक्य मी हजारदा मुलांना म्हटलंय. मी टेकवलं. रोज दोन पानं लिहायची आहेत. या दोन दिवसांची तुला लिहिली, आणि ती दोनाहून कितीतरी जास्त झाली.

एक गोष्ट नीट वाच. येऊ नकोस. तुझा गुडघा, तिथला पाऊस, योगीराजची धावपळ. आणि मला काही झालेलं नाही, मी शाळेत जाते, भाजी आणते, बस चढते. हे घरात आहेत. आमचं स्वल्प कमी-जास्त करून निभतं. तू एकाचं केलंस तेवढं पुरे. तू बॅग भरलीस तर मी दार उघडणार नाही.

चिडून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझी,
क्षमा



जे. पी. नगर, बेंगळुरू
१४ सप्टेंबर

ती. अक्का,

नमस्कार. तुझं पत्र गौरीच्या पाठोपाठ आलं. लगेच उत्तर लिहिणार होते. लिहिलंही, आणि पाठवलं नाही. दोनदा असं झालं. त्यात मी तुला पुन्हा तेच समजावत होते, की गरज नाही, सगळं ठीक आहे.

ठीक आहे हे अर्धंच खरं. मॅडमनी मला बोलावलं होतं. चहा मागवला, दार लोटून घेतलं. “क्षमा मिस, तुम्ही त्या दिवशी फार धैर्य दाखवलंत,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, काही पालक विचारतायत की शिक्षिकेचं अक्षर असं असताना मुलांनी उतरवायचं काय. दसऱ्याच्या सुट्टीनंतर मी लायब्ररीत बसावं. पगार तोच. मी विचारलं, “आणि कर्सिव्ह?” नवीन आलेली एक तरुण शिक्षिका घेईल, ती मोठ्या पडद्यावर अक्षरं चालवून दाखवते म्हणे.

मी लोकांना सांगितलं, हात ऐकत नाही म्हणून कुणाला कमी लेखू नका. त्यांनी ते मुलांसाठी मान्य केलं. माझ्यासाठी मान्य करा असं मी म्हणाले नव्हते, आणि कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मी रागावले, अक्का. अजून रागावलेली आहे. दोन दिवसांनी शाळेतून चालत घरी आले, तो खणलेला रस्ता ओलांडताना पाय अडखळला आणि मी एका मोटारीला धरून उभी राहिले. पाऊल उचलायला सांगते आहे आणि पाऊल जागचं हलत नाही. मागे ऑटोवाले हॉर्न वाजवतायत. शेवटी स्मितानं पाहिलं, तीच गाडीतून उतरली, माझा दंड धरून पलीकडे नेलं. वाटेत म्हणाली, “मॅम, लायब्ररीचं कळलं मला. मी लिहून कळवलंय त्यांना, हे बरोबर नाही म्हणून.” मी म्हटलं, “ज्या बाईविरुद्ध सह्या गोळा केल्यास तिच्यासाठी आता सह्या गोळा करणार का?” ती म्हणाली, “करतेय ना.” बघू काय होतं ते. मला फारशी आशा नाही. पण ती करतेय.

त्या दिवशी घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं.

तू एवढंच लिहिलंयस. मी पानंच्या पानं भरली आणि तू अर्ध्या पानात संपवलंस. “अप्पांचं मी केलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. घरात मीच मोठी होते, म्हणून ते माझ्यावर आलं. मी त्याबद्दल कधी बोलले नाही, तेव्हा चिडलेही होते, आता त्याला पुष्कळ वर्षं झाली. पण तुला वाटतं की मला या आजाराची भीती आहे. मला भीती नाही, मला तो येतो. कंप आला की हात कुठे धरायचा, पाऊल अडलं की काय म्हणायचं, घास केवढा करायचा, हे मला येतं, आणि ते कुणाच्या उपयोगाचं नाही असं धरून मी इथे बसले आहे. या वेळी मला कुणी पाठवत नाही. मी विचारते आहे. येऊ का? रघुपतींना विचार आणि कळव. नाही म्हणालीस तर येणार नाही.”

मी यांना विचारलं. वाचूनच दाखवलं. हे बराच वेळ गॅलरीत जाऊन उभे राहिले, टँकर येणार नव्हता तरी. मग आत येऊन म्हणाले, “हुकं मला जमत नाहीत, क्षमा. मी यूट्यूबवर पण बघितलं.” यांनी ते बघितलं होतं हे मला माहीत नव्हतं. कधी बघितलं, कुणास ठाऊक. मग म्हणाले, “अक्कांना लिही. माझ्याकडून विनंती म्हणून लिही.”

मी लहानपणापासून तुला काही मागितलं नाही, कारण मागायच्या आत तू दिलेलं असायचं. त्यामुळे मागायची मला सवय नाही. आता बसून बघते आहे, तर एकच शब्द लिहायचा आहे आणि पेन उचलून ठेवते, उचलून ठेवते. अक्षर बारीक होईल ही भीती नाही. ते मोठंच काढणार आहे, वरच्या रेघेला टेकवून.

अक्का, ये.

कायमची नको. योगीराजचा हक्क आधी, त्याला सांगून, त्याला न दुखावता. दिवाळीपर्यंत म्हणून ये, पुढचं पुढे बघू. अप्पांना सांभाळायचीस तसं मला सांभाळू नकोस. मला अजून पुष्कळ येतं, आणि जे येतं ते मला करू दे, वेळ लागला तरी. जे येत नाही तेवढंच शिकव. पाऊल अडलं की तू अप्पांना काय म्हणायचीस? मला तुझा आवाज ऐकू यायचा पण शब्द कळायचे नाहीत. ते आधी शिकव.

रात्रीची गाडी पकड, म्हणजे सकाळी यशवंतपूरला उतरशील. हे फलाटावर असतील. मीही येणार आहे. जिना हळू चढेन, वेळ हातात ठेवून निघू. गुडघ्याचं तेल आण, इथे तसलं मिळत नाही. यांनी तुझ्यासाठी आतल्या खोलीतला पलंग खिडकीपाशी ओढला आणि पुन्हा भिंतीपाशी नेला, त्यांचं ठरत नाही. आल्यावर तूच सांग.

गाडीचा दिवस कळव. पत्र टाकत बसू नकोस. योगीराजला सांग मोबाइलवर कळवायला. त्यानं वाचलं तर वाचू दे. सगळ्या बेळगावानं ऐकलं तरी चालेल.

तुला बोलावणारी,
क्षमा